तेरा फूट खाली

२८७ आणि ३००. हे दोन आकडे एकाच ओळीत छापलेले दिसले की अजूनही खटकतं. १५ ऑगस्ट २०१९ ला अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या किंग्ज आयलंड पार्कने 'ओरायन' नावाच्या नव्या रोलर कोस्टरची घोषणा केली. उंची २८७ फूट, पहिला उतार ३०० फूट, वेग ताशी ९१ मैल. त्याआधी जवळपास वर्षभर कोस्टरवेडे एकाच शब्दाभोवती फिरत होते: गिगा. २००० साली सीडर पॉइंट या पार्कातल्या मिलेनियम फोर्स कोस्टरसाठी हा शब्द घडवला गेला, आणि त्याचा अर्थ तीनशे फुटांच्या वरचा कोस्टर. ऑक्टोबर २०१८ मध्ये किंग्ज आयलंडने फायरहॉक हा जुना कोस्टर बंद केला, जागा मोकळी केली, तेव्हाच अंदाज बांधला गेला की इथे गिगा येणार. आणि आला तो हा असा. अंदाज करणाऱ्यांना बरोबर म्हणावं तर खांब तेरा फुटांनी कमी पडतात, चूक म्हणावं तर उतार मोजून तीनशे भरतो. वादाला तोंड फुटलं. उंची म्हणजे जमिनीपासून टोकापर्यंत, की टोकापासून सगळ्यात खालच्या बिंदूपर्यंत? या वादात मला रस नव्हता. खटकत होतं ते एवढंच, की तेरा फूट गेले कुठे हे कुणी पटकन विचारलंच नाही. वजाबाकी पहिलीतल्या पोराची आहे. उत्तर जमिनीत आहे.

कोस्टर बांधायला घेतला की सगळ्यांच्या माना वर होतात. क्रेन केवढी आली, रुळाचा रंग कुठला, टोकाचा तुकडा कधी चढणार. खरी माहिती मात्र पायाशी पडलेली असते, चिखलात, आणि ती पोलाद येण्याच्या कित्येक महिने आधी येते. आपल्या जत्रेतली पोरं या बाबतीत जास्त हुशार म्हणायची. आकाशपाळण्याचा ट्रक मैदानात शिरला की ती पाळणे मोजत बसत नाहीत, उतरवलेले लाकडी ठोकळे बघतात. किती ठोकळे आडवे टाकले, किती अंतरावर टाकले, पाणसळ लावून कुठे पाचर मारली, यावरून 'औंदाचा पाळणा मोठा' हे पाळण्याचा एकही दांडा उभा व्हायच्या आत ठरलेलं असतं.

कोस्टरच्या फुटिंगचं, म्हणजे खांबांखालच्या काँक्रीटच्या पायांचं, वाचन थोडं शिकावं लागतं, पण अवघड नाही. आधी सर्व्हेच्या खुंट्या येतात, डोक्याला रंगीत फिती बांधलेल्या. मग झाडं जातात, माती सपाट होते, आणि ड्रिलचं यंत्र विहिरीसारखी गोल भोकं पाडायला लागतं. भोकात सळयांचा पिंजरा उतरतो आणि त्याच्या डोक्यावर फाउंडेशन बोल्टांचं कडं बसतं. हे कडं जागचं हलू नये म्हणून वर भोकं पाडलेली पोलादी चकती धरलेली असते, तिला टेम्प्लेट म्हणतात. सगळा जीव या चकतीत. काँक्रीट ओतताना व्हायब्रेटरचा धक्का लागून कडं बोटभर जरी सरकलं, तरी वर येणाऱ्या खांबाची बेस प्लेट बसत नाही. खांब तर कारखान्यातून तयार होऊन आलेला, तो साइटवर वाकवून घेता येत नाही. मग प्लेटची भोकं मोठी करायची, बोल्ट कापून नवे अँकर रोवायचे, की अख्खा ठोकळा फोडायचा, हे डिझायनरला विचारल्याशिवाय कुणी ठरवत नाही, आणि तोवर क्रेन भाड्याने उभी. सगळं नीट झालं तर काँक्रीटची पूर्ण ताकद साधारण २८ दिवसांची धरतात. खांब बसतो तो थेट काँक्रीटवर नाही. बोल्टांवर खालून नट लावलेले असतात, ते फिरवून खांब ओळंब्यात आणायचा आणि मग प्लेटखालच्या फटीत ग्राउट, म्हणजे न आकसणारा सिमेंटचा गारा, भरायचा. फोटोत प्लेटखाली ती फट अजून उघडी दिसली, तर समजावं की त्या भागाची रेषा अजून पक्की झालेली नाही.

आता अंदाज. सरळ रेषेत, सारख्या अंतरावर, एका टोकाकडे मोठे होत जाणारे ठोकळे म्हणजे चढ. बुटके, दाटीने मांडलेले, जोडओळीतले ठोकळे म्हणजे ब्रेक आणि त्यामागचं स्टेशन. वळणावर मात्र ठोकळे एकेकटे बसत नाहीत. एक रुळाखाली असतो आणि दुसरा वळणाच्या बाहेरच्या अंगाला लांब, कारण गाडी रुळाला बाहेर ढकलते आणि तो जोर तिरक्या पायावर घ्यावा लागतो. त्या दोन ठोकळ्यांमधलं अंतर जेवढं जास्त, तेवढं वरचं वळण उंच किंवा वेगवान. बोल्टांची संख्या आणि जाडी हेही बोलतं: बारक्या टेकडीच्या खांबाला चार बोल्ट पुरतील, मोठ्या उताराच्या पायथ्याशी, जिथे गाडी सगळ्यात जोरात दाबते, तिथे जाडजूड बोल्टांचं भरगच्च वर्तुळ दिसतं. चढाचे ठोकळे कुठेच नाहीत आणि लांबलचक सरळ पट्ट्याशेजारी ट्रान्सफॉर्मरसाठी मोठा स्लॅब पडला, तर साखळीचा चढ विसरा, गाडी चुंबकाने फेकली जाणार. फसगत इथेही होते. रांगेच्या शेडचे पाये, दिव्याचे खांब, पावसाच्या पाण्याचे चेंबर हे सगळं वरून पाहिलं की सारखंच गोल दिसतं. दर बांधकामात कुणीतरी गटाराच्या चेंबरवर एक अख्खा लूप उभा करतो, आणि तो लूप इतर लोक आठवडाभर नकाशात काढत राहतात.

मग पोलाद येतं, आणि लोकांचा तोल सुटतो.

ओरायनच्या बाबतीत पोलाद फार लांबून येणार नव्हतं. कोस्टर डिझाइन केला स्वित्झर्लंडमधल्या मॉन्थेच्या बोलिगर अँड माबियार्ड कंपनीने, ज्यांना सगळे बी अँड एम म्हणतात. पण त्यांचे रूळ घडवणारा क्लर्मोंट स्टीलचा कारखाना ओहायोतल्याच बटेविया गावात आहे, किंग्ज आयलंडपासून गाडीने तासाभराच्या आत. कारखान्याच्या यार्डात रंगवलेले तुकडे पडलेले असतात आणि ते रस्त्यावरून दिसतात. इथे डोळ्यांची परीक्षा असते. कंपनी ओळखणं सोपं. बी अँड एमचा कणा चौकोनी पेटीसारखा, वर दोन नळ्यांचे रूळ. इन्टामिनचे मोठे रूळ बऱ्याचदा पुलाच्या कैचीसारखे जाळीदार. रॉकी माउंटनचा रूळ इंग्रजी आय अक्षरासारख्या छेदाचा. आकार ओळखणं त्याहून अवघड, कारण यार्डात तुकडा कसाही ठेवलेला असतो. उलटा टाकलेला खोलगट तुकडा हमखास टेकडीचा वाटतो. त्यावर एक साधी युक्ती आहे: कमान कुठल्या दिशेला आहे ते बघू नका, दोन नळ्या कमानीच्या कुठल्या अंगाला आहेत ते बघा. नळ्या फुगीर बाजूला असतील तर तो टेकडीचा माथा. नळ्या आतल्या, पोकळ बाजूला असतील तर खोलगट भाग किंवा लूप. डबे रुळाखाली लटकणारे असतील तर हे सगळं उलटं वाचायचं. कण्याभोवती नळ्या पिळल्यासारख्या दिसल्या तर गाडी तिथे कूस बदलते. या एका युक्तीने निम्मे वाद मिटतील, पण वाद मिटवायची घाई कुणाला असते?

जाता जाता, तो चौकोनी कणा पोकळ असतो म्हणूनच बी अँड एमचे कोस्टर लांबून ऐकू येणारी घरघर करतात. शेजारी वस्ती असेल तर कण्यात वाळू भरून आवाज दाबतात. आवाजाची काळजी घ्यावी लागणाऱ्या ठिकाणी अंदाज करणाऱ्यांसाठी आणखी एक दार उघडतं: कागदपत्रं.

अमेरिकेत २०० फुटांवर काहीही उभारायचं तर विमान वाहतुकीच्या यंत्रणेला आधी कळवावं लागतं, जागेचे अक्षांश-रेखांश आणि उंचीसकट. विमानांना खांब आडवा येऊ नये हा त्यामागचा हेतू. पण ती नोंद सार्वजनिक असते, त्यामुळे कोस्टरवेड्यांना पार्कच्या आधी उंची कळू शकते. ब्रिटनमध्ये तर गुपित राखणं जवळजवळ अशक्य. नियोजन अर्ज कौन्सिलकडे जातो आणि त्याच्यासोबत बाजूचे आराखडे, झाडांची मोजणी, आवाजाचा अहवाल सगळं लोकांसमोर येतं. लंडनजवळच्या थॉर्प पार्कचा हायपेरिया मे २०२४ मध्ये सुरू झाला. त्याचे २३६ फूट आणि रुळाचं प्रत्येक वळण लोकांना अर्जामुळे केव्हापासून पाठ होतं. अंदाज करायला उरलं होतं नाव आणि रंग. मला हा प्रकार थोडा रुखरुख लावणारा वाटतो. पूर्ण आराखडा हातात आला की लोक नोलिमिट्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये कोस्टर बांधून संगणकावर त्यात बसूनही घेतात, आणि मग प्रत्यक्ष बांधकामात बघायचं ते फक्त काम वेळेत होतंय का. ठेकेदाराच्या मुकादमाचं काम, तेही फुकट.

पण तेरा फुटांचं मूळ शोधायचं तर ब्रिटनमध्येच जावं लागतं, स्टॅफर्डशायरच्या अल्टन टॉवर्सला. तिथे झाडांच्या शेंड्यांवर काही दिसू द्यायचं नाही, अशी नियोजनाची अट. वर जाता येत नाही म्हटल्यावर तिथले लोक खाली गेले. १९९४ चा नेमेसिस खडक फोडून केलेल्या दरीत बसवला. रुळाचा सगळ्यात उंच बिंदू जमिनीपासून जेमतेम ४३ फुटांवर, आणि उतार १०४ फुटांचा. नाव जाहीर होईपर्यंत त्याला 'सीक्रेट वेपन ३' म्हणत, आणि ही क्रमांकांची परंपरा पुढे चालू राहिली. चौथं वेपन १९९८ चा ऑब्लिव्हियन. वर फक्त ६५ फूट, आणि उतार १८० फुटांचा, जवळजवळ उभा, सरळ जमिनीच्या पोटात. आता ज्याला फक्त वर बघायची सवय आहे त्याने ऑब्लिव्हियनचं बांधकाम पाहिलं असतं तर काय दिसलं असतं? एक बुटका मनोरा. खड्डा पाहणाऱ्याला कोस्टर दिसला असता.

सहावं वेपन मात्र गुपिताच्या ओझ्याखाली दबलं. २०१० साली आलेल्या त्या कोस्टरचं नावच 'थर्टीन'. जाहिरात अशी की अंगावर काटा यावा. प्रत्यक्षात झाडीतून जाणारा मध्यम आकाराचा कोस्टर, आणि शेवटी अंधाऱ्या इमारतीत रुळाचा तुकडा गाडीसकट सुमारे पाच मीटर धपकन खाली बसतो. अभियांत्रिकी म्हणून ते जगात पहिल्यांदा होत होतं. पण भीती विकली होती, अभियांत्रिकी नाही. किंग्ज आयलंडनेही हा खेळ खेळून पाहिला होता. २०१७ च्या मिस्टिक टिंबर्स या लाकडी कोस्टरच्या शेवटी एक शेड होती आणि जाहिरातीत एकच प्रश्न: शेडमध्ये काय आहे? लोकांनी त्या शेडमध्ये काय काय भरलं! पडणारा रूळ, उलट्या दिशेची फेक, दुसरा छुपा चढ. आत निघाले पडदे: कधी वटवाघळं, कधी साप, कधी झाड. गाडी उभी राहते, बघते, पुढे जाते. पुष्कळ लोक हिरमुसले, आणि खरं तर कोस्टर उत्तम होता, ३,२६५ फूट एका दमात पळणारा. फुटिंग वाचणाऱ्याला इथेही इशारा मिळू शकतो. शेडमध्ये रूळ खाली पडणार असेल, तर आत शिरणारा आणि बाहेर येणारा रूळ वेगळ्या उंचीवर हवा, आणि मधे खोल पाया हवा. दोन्ही बाजूंचा रूळ एकाच पातळीला असेल तर आतली गंमत रुळाची नसते, चित्रांची असते.

उंची कळली की वेगाचा अंदाज शाळेतल्या सूत्राने करता येतो, आणि इथे तेरा फुटांची किंमतही कळते. ३०० फूट म्हणजे ९१.४ मीटर. हवा आणि घर्षण शून्य धरलं तर इतक्या उंचीवरून खाली येताना ताशी साधारण १५२ किलोमीटर निघतात. ओरायनचा जाहीर वेग ९१ मैल, म्हणजे १४६ किलोमीटर. मधला फरक चाकांनी, बेअरिंगांनी आणि वाऱ्याने खाल्ला. हेच गणित २८७ फुटांचं केलं तर १४९ येतात. म्हणजे ते खालचे तेरा फूट गाडीला ताशी तीनेक किलोमीटर देतात. फार नाही. ऑब्लिव्हियनच्या १८० फुटांचे कागदावर ११८ येतात आणि जाहीर वेग ११० च्या आसपास, म्हणजे हिशेब तिथेही बसतो. जाहिरातीतला आकडा या सूत्राच्या वर गेला तर समजायचं, एक तर गाडी फेकली जाते, नाही तर थाप मारली जाते.

ओरायनबद्दलची नाराजी मात्र वेगावर नव्हती, लांबीवर होती. ५,३२१ फूट. त्याच कंपनीचा कॅरोविन्ड्स पार्कमधला फ्युरी ३२५ हा ६,६०२ फुटांचा. महिनोनमहिने लोक मनातल्या मनात तो फ्युरीच बांधत होते, थोडा निळसर, थोडा ओहायोचा. जागा बघून पाय पसरलेले नव्हते. न बांधलेला कोस्टर सगळ्यांचा असतो आणि सगळ्यांच्या मनात लांब असतो. घोषणेच्या दिवशी तो कुणा एकाच कंपनीचा होतो आणि त्याला शेवट येतो.

फ्युरीचं नाव निघालं की एक गोष्ट सांगायलाच हवी. ३० जून २०२३ रोजी कॅरोविन्ड्समध्ये आलेल्या एका माणसाला फ्युरीच्या एका खांबावर, वरच्या बाजूला, तडा दिसला. गाडी वळणावरून गेली की ती फट उघडायची आणि रूळ बाहेर झुकायचा. बाकी सगळी गर्दी गाडी बघत होती. कोस्टर बंद झाला, खांब बदलला, तपासण्या झाल्या आणि ऑगस्टमध्ये तो पुन्हा सुरू झाला. वळणाच्या बाहेरच्या अंगाचा खांब कुठला जोर पेलतो, हे वर आलंच आहे. बांधकामाच्या काळात खांब मोजणाऱ्या लोकांना आपण हसतो, आणि हसण्यासारखं त्यांच्यात पुष्कळ आहे. पण गाडी सोडून खांबाकडे बघणारा एक माणूस त्या दिवशी तिथे होता, हे बरं झालं.

खोपोलीच्या इमॅजिकातही बी अँड एमच आहे. २०१३ साली सुरू झालेल्या या पार्कमधला नायट्रो त्याच कंपनीचा, बसणाऱ्याच्या पायाखाली तळच नसलेल्या डब्यांचा. आणि अंधारातून फेकला जाणारा डीप स्पेस प्रीमियर राइड्सचा, ज्यांचा फ्लाइट ऑफ फियर किंग्ज आयलंडमध्ये बरोबर ओरायनच्या शेजारी उभा आहे. म्हणजे ओहायोतल्या त्या कोपऱ्यात आहेत त्याच दोन कंपन्या खोपोलीतही शेजारी नांदतात. फरक आहे तो पावसाचा. घाटाच्या पायथ्याशी खड्डा खणणाऱ्याला जून उजाडायच्या आत पाया भरून घ्यावा लागतो, नाही तर पिंजऱ्याच्या सळया पाण्यात, बोल्टांच्या आट्यांत गाळ, आणि टेम्प्लेटची चकती वाहून शेजारच्या शेतात.

म्हणूनच कदाचित ते तेरा फूट आपल्याकडच्या माणसाला आधी टोचावेत. चार मीटर खोल खणलं म्हटल्यावर विहीर खणलेल्या कुठल्याही गावात पहिला प्रश्न येईल तो गिगाचा नाही. पाणी कुठे जाणार? जमिनीखाली उतरणाऱ्या कुठल्याही रुळाशी हा प्रश्न जोडलेला असतो. बाजूची माती धसू नये म्हणून भिंत किंवा लांब उतार, तळाला चर, चरांच्या शेवटी चेंबर, आणि पाणी आपोआप बाहेर जाण्याइतका उतार मिळाला नाही तर त्या चेंबरात पंप. पंप तुंबला तर पाणी साचतं तेही नेमकं तिथे, जिथे गाडी सगळ्यात वेगात असते आणि खांब सगळ्यात जास्त दाबले जातात. बोल्ट पाण्यात राहिले की गंज आतून धरतो आणि ग्राउटच्या कडेने तपकिरी ओघळ दिसायला लागतो. बांधकामाच्या फोटोंत हा भाग सहसा सगळ्यात कंटाळवाणा असतो. पिवळा पोकलेन, मातीचा ढीग, मागे उभा असलेला प्लॅस्टिकचा पाइप. वरच्या टोकाचा तुकडा चढतानाचा फोटो हजार जण साठवून ठेवतात. पाइपचा फोटो कुणी काढलाच असेल तर चुकून, क्रेन चौकटीत बसवताना.